सेबे, डावा आहे

नोट पुढे गेली ती डाव्या हातातून, आणि हे कोनादूला कळलं ते हज्जा रामातूची पळी पातेल्यावर अधांतरी थांबली तेव्हा. बांतामाच्या चौकातली सकाळ, वाक्येच्या टपरीपुढची नेहमीची रांग, भात-चवळीची वाफ, रस्त्यापलीकडे ट्रोट्रो व्हॅनचा कंडक्टर "केजेतिया, केजेतिया" म्हणून घसा फोडतोय, आणि या सगळ्याच्या मधोमध तो हात. तिचाच. बोटांत नोट धरून, मनगट सैल सोडून, जन्मभर हेच करत आल्यासारखा निवांत पुढे झालेला. हज्जानं नोटेकडे पाहिलं, मग हाताकडे, मग सावकाश कोनादूच्या तोंडाकडे. "हा कुठला हात म्हणायचा, पोरी?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही, त्यानं जास्त लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, "डॉक्टर आहे ती, मोठ्या हॉस्पिटलातली." "मग डॉक्टर लोकांना देवानं उजवा हात दिला नाही होय?" रांग हसली. "सेबे, हज्जा, सेबे," कोनादू पुटपुटली आणि नोट मुकाट्यानं उजव्या हातात घेऊन पुन्हा पुढे केली. वावगं काही बोलायच्या आधी किंवा करून बसल्यावर पुढे करायचा हा शब्द. ती धड माफी नव्हे, नुसती वाट करून घ्यायची तऱ्हा. हज्जानं पैसे घेतले, पुडकं दिलं, वर एक अंडं जास्तीचं टाकलं आणि म्हणाली, "झोप होत नाही वाटतं तुझी." वळताना कोनादूला दिसलं, की रांगेत मिसेस ओपोंग उभ्या होत्या. आईबरोबर चर्चमध्ये गाणाऱ्या मिसेस ओपोंग. म्हणजे दुपारच्या आत ही बातमी ताफोला घरी पोचणार, आणि पोचेपर्यंत तिला दोन-चार पाय जास्तीचे फुटणार.

हॉस्पिटलचा चढ चढताना तिचे कान तापले होते. लाज वाटली हे खरंच. पण लाजेच्या खाली आणखी काहीतरी हलत होतं, आणि ते नीट पाहायला ती फाटकाशी थांबली तेव्हा तिला कळलं की आपल्याला आनंद झालाय. नको तिथं, नको त्या दिवशी, अगदी निर्लज्ज आनंद. हात आपण होऊन गेला. कुणी सांगितलं नाही, तिनं विचार केला नाही. तो उठला आणि गेला. वयाच्या सहाव्या वर्षानंतर तो असा कधी गेला नव्हता. आणि आज, ज्या दिवशी त्या हाताची खरी गरज, त्याच सकाळी त्यानं भर चौकात नाक कापावं, ही त्याची वात्रट लहर तिला ओळखीची वाटली. अकरा वाजता ती जिवंत माणसावर पहिल्यांदा दुर्बिणीचं ऑपरेशन करणार होती. तिचे वरिष्ठ डॉक्टर क्वार्शी शेजारी उभे राहणार, बघणार, आणि डावा हात अडखळला तर एक अक्षर न बोलता अवजारं स्वतःकडे घेणार. दुर्बिणीच्या तुकडीत यंदा एकच जागा होती. आज हात कचरले, तर ती जागा दुसऱ्याची आणि कोनादू पुन्हा पोटं उभी फाडायला मोकळी.

मारलं नाही आईनं, हे आधी सांगायला हवं. वर्गातल्या पोरांना मारायची ती, पट्टीनं, मोजून. पण घरी कोनादूनं डाव्या हातात कोळसा धरून ओट्याच्या भिंतीवर कोंबडा काढला, तेव्हा ती बराच वेळ त्या कोंबड्याकडे बघत राहिली. कोंबडा चांगला जमला होता. मग आत जाऊन तिनं वडिलांचा फुटबॉलचा हिरवा-पांढरा मोजा आणला, तो कोनादूच्या डाव्या हातात कोपरापर्यंत चढवला आणि वर रिबीन बांधली. "उद्या या हातानं कुणा मोठ्या माणसाला पाणी देशील," ती म्हणाली होती, "आणि ते पाणी तसंच परत येईल. माझ्या मुलीच्या हातचं पाणी परत यायला नको." तेवढंच. अंघोळीला मोजा निघायचा, पुन्हा चढायचा. शाळेत पोरं तिला मोजा म्हणूनच हाक मारत. ती हाक तिला विशेष टोचली असंही नाही, कारण मोज्याच्या आत एक वेगळंच राज्य चाललं होतं. आत भाजलेले शेंगदाणे असायचे, एक गोटी असायची, आणि तो हात असायचा, ज्याचं नाव तिनं बेंकुम ठेवलं होतं. बेंकुम म्हणजे डावा, दुसरं काही नाही, पण ते नाव फक्त तिचं होतं. परीक्षेत उजव्या हाताला शब्द आठवेनासा झाला की ती मोज्याच्या आतल्या बोटांना हळूच विचारायची. बोटं आतल्या आत काहीतरी लिहायची. ते वाचता कधी आलं नाही, पण बरं वाटायचं. पुढे मोजा गेला, हात बाहेर आला, तोवर तो गप्प झालेला होता. त्याच्याकडे उरलं बादली उचलणं, दार ढकलणं, आणि जी कामं बोलायची नसतात ती. बाकी सगळीकडे तो रीतसर डावलला गेला, आणि त्यानं कुरकुर केली नाही. शस्त्रक्रिया शिकतानाही उजव्यानं कापलं, उजव्यानं शिवलं, डाव्यानं जखमेची कड मागे ओढून धरली. तिला कुणी नावं ठेवली नाहीत. उलट तिच्या उजव्या हाताचं कौतुकच झालं.

मग ते ऑपरेशनच्या सरावाचं मशीन आलं. वाचनालयामागच्या खोलीत, गार हवेत, एक टेबल, त्यावर दोन मुठी, डोळ्यांवर चढवायचा तो अवजड चष्मा, आणि ते सगळं सांभाळायला व्होल्टाकडून आलेला मावुली. मावुली तंत्रज्ञ होता, डॉक्टर नव्हता, आणि डॉक्टरांची भीडभाड त्यानं कधी ठेवली नाही. चष्मा चढवला की खोली जायची. समोर थिएटर उभं राहायचं, निळसर उजेडातलं. शेजारी एक नर्स, जिला चेहरा होता पण ओळख नव्हती. पडद्यावर फुगवलेल्या पोटाची आतली गुहा, ओलं चमकणारं यकृत, त्याखाली लपलेलं पित्ताशय. मुठी हातात धरल्या की त्या आतल्या मांसाचा विरोध बोटांना जाणवायचा, ओढलं तर ओढल्यासारखा, टोचलं तर टोचल्यासारखा. वास मात्र नव्हता. पहिल्या दिवशी त्या नर्सनं डाव्या हाताशी चिमटा आणला आणि कोनादूचा उजवा हात आडवा जाऊन तो घेऊन आला. पुन्हा आणला, पुन्हा तेच. मावुलीनं तिचा चष्मा काढायला लावला. "तू डाव्या हातानं काही घेतलंच नाहीस." "घेतलं की." "उजव्यानं घेतलंस आणि मग डाव्याला दिलंस, धाकट्या भावाला खाऊ देतात तसं. मशीन बुचकळ्यात पडलंय बिचारं. ज्यांनी बनवलं त्यांना हा आपला आजार ठाऊकच नाही." मग थोड्या वेळानं, "आणि हे मघापासून सेबे सेबे काय चाललंय?" तिला पत्ताच नव्हता की आपण म्हणतोय. डावा चिमटा पोटात शिरला की तिच्या तोंडून ते निघायचं. "कुणाला म्हणतेस?" मावुली म्हणाला. "आत कुणी नाहीये, बाई. पेशंट नाही, पोट नाही. नुसता उजेड आहे. मशीनला ऐकू येत नाही, माझे कान मात्र किटले."

डॉक्टर क्वार्शींनी पडद्यावरचे आकडे पाहिले होते. त्यांचा स्वभाव कोरडा, अक्राच्या बडबड्या किनाऱ्यावरचा माणूस असूनही. "तुझा उजवा हात दोघांचं काम करतोय," ते म्हणाले, "आणि डावा चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसल्यासारखा बसलाय." "सर, लहानपणीच सवय लावलीय." "मलाही लावली होती. आजोबांनी, मिरची चोळून." त्यांनी आपला डावा तळवा उलटा करून पाहिला, जणू मिरची अजून कुठे राहिलीय का ते. "थिएटरच्या दाराशी चपला काढतो ना आपण? तिथंच ठेवायचं ते. पायांना जमतं, हाताला जमेल." असं म्हणून ते गेले, आणि कोनादूला वाटलं, की मोठी माणसं केवढाल्या गोष्टी दाराशी ठेवून मोकळी होतात, आणि आपल्याला साधी एक सवय ठेवता येत नाही.

पण ती जायची. वॉर्डातलं काम आटपलं की दुपारची जायची, भुकेली, पाय दुखत असताना, आणि चष्मा चढवायची. त्या आतल्या जगात एक गंमत होती. पोटाच्या भोकातून अवजार घातलं की ते भोकाशी टेकून तराजूच्या दांडीसारखं फिरायचं. मूठ डावीकडे न्या, टोक उजवीकडे जाणार. मूठ खाली दाबा, टोक वर. नव्या माणसाला यानं वेड लागतं. कोनादूलाही लागलं. मग एके दिवशी मावुली पेरूच्या फोडी खात सहज म्हणाला, "म्हणजे आत गेल्यावर तुझा डावा उजवीकडेच जातो की. मग सेबे कशाला?" ती हसली, चष्म्याच्या आत एकटीच हसली, आणि तिला वाटलं की हे सगळं जग आपल्या बेंकुमसाठीच कुणीतरी उलटं करून ठेवलंय. आणखी एक होतं. ते शरीर रागावत नव्हतं. धमनी तुटली, पडदा लाल झाला, काळा झाला, तरी एक बटण दाबलं की यकृत पुन्हा ओलं चमकत समोर हजर, मागचं काही मनात न ठेवता. जिथं चुकलं तरी कुणी वळून बघत नाही, अशी जागा तिला उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. डावा हात तिथं हळूहळू बाहेर आला. तो सहा वर्षांचाच राहिला होता. सरावाच्या कड्या पाडायचा, जोरात ओढायचा, मध्येच थबकून मागे बघितल्यासारखं करायचा. ती त्याला रागावली नाही. मोज्यात असताना बोलायची तसं मनातल्या मनात बोलायची: हळू, धर, सोडू नकोस, आता थांब. आणि थांबणं त्याला सुरेख जमत होतं. उजव्याला धीर नव्हता, तो नेहमी पुढचं काम शोधायचा. डावा एकदा धरलेलं धरून राहायचा. एका दुपारी चष्मा काढल्यावर मावुली नुसताच तिच्याकडे बघत राहिला. "काय झालं?" "काही नाही. आज तू एकदाही सेबे म्हणाली नाहीस." पडद्यावर दोन्ही हातांच्या रेषा हिरव्या होत्या. बाहेर पडून तिनं कोपऱ्यावर तळलेली मसालेदार केळी घेतली, उभ्या उभ्या खाल्ली, आणि उरलेला कागद किती तरी वेळ डाव्या मुठीत घट्ट धरून चालत राहिली.

आज मात्र फाटकापासून वॉर्डापर्यंत तोच हात खिशात होता. हज्जाचे डोळे, रांगेचं हसणं, मिसेस ओपोंग, आणि त्या सगळ्यांच्या मागे कुठेतरी वर्गात उभी असलेली आई. मशीनच्या आत कुणी नव्हतं, म्हणून जमलं. आता आत माणूस असणार. माणूस म्हणजे मादाम फ्रेमा, बाजारात केळीचे घड ठोकभावानं विकणारी, खांद्यानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद. उजव्या हाताला सलाईन लावून ती खाटेवर पडली होती आणि डावा हात चादरीखाली नीट झाकून ठेवला होता. "डॉक्टर, पोट फाडणार नाही म्हणालात ना?" "नाही. चार बारीक भोकं." "चार भोकांतून खडे बाहेर काढणार. माझ्या घराला दारं चार, तरी नवऱ्याला वेळेवर बाहेर काढणं मला जमलेलं नाही." सगळा वॉर्ड हसला. मग तिनं आवाज खाली आणला. "किती वेळा केलंय हे तुम्ही?" कोनादूला खोटं बोलता आलं असतं. "माणसावर पहिल्यांदा," ती म्हणाली. "मशीनवर पुष्कळदा. मोठे सर शेजारी उभे असतील. नको वाटलं तर सांगा, तेच करतील." मादाम फ्रेमानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, घड घ्यायच्या आधी बघतात तसं. "ते मशीन मेलं का कधी?" "सुरुवातीला बरेचदा." "आणि आता?" "आता नाही मरत." "मग चला," ती म्हणाली. पण भुलीच्या टेबलावर, डोळे जड होताना, चादरीखालून तिचा डावा हात एकदम बाहेर आला आणि जवळ जो हात होता तो त्यानं पकडला. तो कोनादूचा डावा होता. दोघींपैकी कुणीच सेबे म्हणालं नाही. पकड सैल होईपर्यंत कोनादू तशीच उभी राहिली, आणि मग हात धुवायला गेली, दोन्ही, सारखेच, कोपरापर्यंत.

आत ऊब होती, दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरली. हे पहिलं जाणवलं. मशीनमध्ये ऊब नव्हती. यकृत चमकत होतं तसंच, पण ते श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. डाव्या चिमट्यानं पित्ताशयाची मान धरली, बाजूला ताणली. उजव्यानं पापुद्रे सोडवायला सुरुवात केली. नळी दिसली, तिच्या शेजारी बारीक धमनी दिसली. दोन्ही स्वच्छ वेगळ्या दिसेपर्यंत काही कापायचं नाही, हे मशीननं शंभर वेळा मरून तिला शिकवलं होतं. आणि तिथंच, त्या धमनीचा एखादा न दिसलेला फाटा असावा, लाल चिळकांडी उडाली आणि पडदा भरून गेला. "हं," डॉक्टर क्वार्शी म्हणाले. एवढंच, पण त्यांचे पाठीमागे बांधलेले हात सुटल्याचं तिला न बघता कळलं. उजवा हात धावला. तो नेहमीच धावायचा. सगळं स्वतः करायचं, आंधळेपणानं क्लिप लावायची. इथं बटण नव्हतं. बटण नाही, बटण नाही, असं डोक्यात वाजत राहिलं, आणि तेवढ्यात पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून, म्हणजे कुठून कोण जाणे, पित्ताशयाची ती फुगीर मान हळूच खाली आली आणि रक्ताच्या जागेवर अलगद दाबून बसली. कुणी दाबली? तिनं सांगितलं नव्हतं. धर, तिनं मनात म्हटलं, पण त्यानं आधीच धरलं होतं. चिळकांडी थांबली. दुर्बीण पुसून आली, रक्त ओढून घेतलं, आणि तो सगळा वेळ डावा हात होता तिथंच होता, न थरथरता, न घाई करता, कुणाची परवानगी न मागता. मोज्यात बसून इतकी वर्षं तो हेच तर शिकला होता. कोनादूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मास्कच्या वर ते पुसायला हात मोकळा नव्हता. "आता," डॉक्टर क्वार्शी म्हणाले. डाव्यानं मान कणभर उचलली, उजव्यानं क्लिप लावली. क्वार्शींचे हात पुन्हा पाठीमागे गेले. पुढचं सगळं साधं होतं.

दुपारी मादाम फ्रेमा शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य ती भूक लागल्याचं बोलली. डॉक्टर क्वार्शी जिन्यात भेटले, "पुढच्या आठवड्यात दोन आहेत, दोन्ही तुझी," एवढं म्हणून खाली उतरून गेले. मावुली मशीनच्या खोलीच्या दारात टेकून उभा होता. "काय मग," तो म्हणाला, "डाव्या हातचा मळ?" "अगदी," ती म्हणाली, आणि दोघं मोठ्यानं हसले, इतके की वाचनालयातून कुणीतरी शुक् केलं.

घरी अंगणात उन्हं तिरपी झाली होती. उखळात उकडलेला कसावा आणि कच्ची केळी तयार होती, आई मुसळ घेऊन उभी. साठी उलटली तरी फुफूचा गोळा मशीनमध्ये कांडलेला तिला चालत नाही. कोनादूनं हात धुतले, पाण्याचा वाडगा जवळ ओढला आणि बुटक्या स्टुलावर बसली. मुसळ वर गेलं की ओला हात आत घालून गोळा उलटायचा, मुसळ यायच्या आत हात बाहेर. धप्प. "हज्जाच्या टपरीवर काय केलंस सकाळी?" आईनं विचारलं. "आलं का इथपर्यंत?" "ओपोंगबाई स्वतः आली सांगायला. म्हणे, नोट तिच्या तोंडावर फेकलीस." धप्प. "फेकली नाही, आई. दिली. हात आपोआप गेला." "आपोआप." धप्प. मग कोनादूनं सांगितलं. आधी मशीनचं, जे तिनं आजवर घरी सांगितलं नव्हतं, मग सेबेचं, मग मादाम फ्रेमाचं, रक्ताचं, आणि तो हात कसा आला आणि कसा बसून राहिला ते. बोलता बोलता ती गोळा उलटत होती. आईचं मुसळ वरच्यावर थांबलं. "त्यानं धरून ठेवलं?" "हो." "न सोडता?" "सर 'आता' म्हणेपर्यंत." आईनं मुसळाच्या दांड्याला गाल टेकला आणि ओट्याच्या भिंतीकडे पाहिलं, जिच्यावर आता चुन्याचे किती तरी हात बसले होते. "कोंबडा चांगला जमला होता तो," ती म्हणाली, आणि मुसळ पुन्हा सुरू झालं.

गोळा चिकट होत चालला. सकाळपासून अवजारं धरून कोनादूचं उजवं मनगट आखडलं होतं. एकदा हात बाहेर यायला उशीर झाला, मुसळ बोटांना चाटून गेलं. "थकलाय तो," आई म्हणाली. "दुसरा घाल." कोनादूनं वर पाहिलं. आई तिच्याकडे बघत नव्हती, मुसळाकडे बघत होती. कोनादूनं डावा हात वाडग्यात बुडवला. पाणी गार होतं. "सेबे," तिच्या तोंडून निघालंच. "कुणाला म्हणतेस?" आई म्हणाली. "इथं परकं कोण आहे? घाल लवकर, गोळा गार होतोय." मुसळ वर गेलं. हात आत गेला, गोळा उलटला, बाहेर आला, धप्प, पुन्हा गेला. लय बसायला वेळ लागला नाही.

मग दोघी एका वाडग्याशी बसल्या. रश्श्याची वाफ दोघींच्या तोंडावर येत होती. आईनं उजव्या हातानं पहिला घास तोडला, रश्श्यात बुडवला आणि रीतीप्रमाणे न चावता गिळला.

"मऊ झालाय," ती म्हणाली, आणि दुसरा घास तोडला.